चौथा खिळा

४ जून
आज फजितीच झाली! सकाळी दार वाजलं आणि सासरे, सासूबाई, ही – तिघंही आपापली पिशवी घेऊन दारात रांगेत उभी. पोलीस आले समजून! समोर दूधवाला. बिचारा किटली टाकून पळाला.

दाराशी तीन खिळे, तीन पिशव्या. कपडे, साबण, कंगवा. परक्या सरकारने कधीही उचलावं, यांची तयारी असतेच. सासरे तुरुंगाबद्दल असे बोलतात, जसं कुणी माहेराबद्दल बोलावं – "मागच्या बराकीत वारा छान येतो." मी घरजावई, धंद्याने शिंपी. पांघरुणातून बघत होतो.

९ जून
सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, यांच्या पायजम्याला नाडी नको, बटण लावा. आत नाड्या काढून घेतात."

मागच्या खेपेला सासऱ्यांनी एका हाताने पायजमा सावरत कोर्टात सांगितलं म्हणे – माफीच्या कागदावर सही करणार नाही. लोक आधी हसले, मग उठून उभे राहिले. काय माणसं आहेत ही! माझ्यापुढे तो कागद आला तर मी मागच्या बाजूलाही सही करून देईन.

बटण लावलं. दुहेरी दोऱ्याने.

१५ जून
धीर करून विचारलं, "माझी पिशवी?"

"तुमची कशाला? आम्हाला बाहेरून डबा कोण आणणार?" सासूबाई सहज बोलल्या. मला लागलं ते लागलंच.

१६ जून
दुकान आतून लावून घेतलं आणि बंदी असलेला झेंडा शिवला. कुणी सांगितलं नव्हतं. चौकातल्या खांबाला बांधून आलो. हिलासुद्धा सांगितलं नाही.

२० जून
दार वाजलं. तिघं पिशव्या घेऊन उभी. फौजदार म्हणाला, "तुम्ही नाही. शिंपी कुठाय?" त्याच्या हातात माझा झेंडा – कोपऱ्यात दुकानाच्या नावाची पट्टी! सवयीने शिवून बसलो होतो.

तिघं माझ्याकडे बघतच राहिली. सासऱ्यांनी आपली पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. "मागची बराक मागा," एवढंच म्हणाले. मी ही वही तीत टाकली.

२७ जून
तुरुंगात. सासऱ्यांचा पायजमा मला आखूड होतो, पण बटण पक्कं आहे. साहेबाने माफीचा कागद पुढे सरकवला, तेव्हा दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो.

ही डबा घेऊन आली होती. दाराशी चौथा खिळा ठोकलाय म्हणाली.