सिद्धम्मांना कोणी उठवू नये

मी, गुणाबाई दिगंबर पांचाळ, वय एकोणसत्तर, धंदा शेवया करून देणे, राहणार कुंभारगल्ली, नांदेड, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. यापूर्वी असा लेख मी केलेला नाही.

१. दोन खोल्या आणि पुढची ओसरी, एवढीच माझी मिळकत. ती माझी कशी झाली हे कळल्याशिवाय पुढच्या अटी कोणाला पटणार नाहीत, म्हणून आधी ते लिहिते.

लग्न होऊन मी इथे भाडेकरू म्हणून आले. माझे पती याच खोलीत वारले. घरमालकीण सिद्धम्मा, देगलूरकडच्या. कारभार त्यांचा मुलगा नरसिंग पाहायचा. त्याला जुनं पाडून दुकानं काढायची होती आणि मी जागा सोडत नव्हते. मुलगी सुकन्या हिच्या बाळंतपणाला मी लातूरला गेले असताना त्याने माझ्या डोक्यावरचे पत्रे उतरवून नेले. परत आले तर वैशाखाचं ऊन सरळ चुलीवर पडलेलं. नळही तोडलेला. वर साडी बांधून मी तिथेच राहिले, कारण एकदा बाहेर पडले असते तर परत आत येऊ दिलं नसतं. मुलगा बाहेर गेला की सिद्धम्मा भिंतीवरून नळी टाकून माझी घागर भरायच्या. बोलायच्या मात्र नाहीत.

वकील लावायची ऐपत नव्हती. शेवया करून न्यायला आलेल्या एका बाईने सांगितलं, की कोर्टात विधी सेवेचं कार्यालय आहे, तिथे बायकांना वकील फुकट मिळतो. मला खरं वाटलं नाही, तरी गेले. तिथे अ‍ॅडव्होकेट मनस्विनी पाठक होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी रडत रडत सांगितलं, त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मावशी, भाडेकरूला असं काढता येत नाही. तुमचं घर आहे ते." त्या खोलीला माझं घर म्हणणारं ते पहिलं माणूस. कोर्टाचा हुकूम झाला आणि नरसिंगला स्वतः उभं राहून पत्रे परत ठोकून द्यावे लागले.

पुढे काही वर्षांनी, आईला सांभाळण्याच्या अटीवर, त्याने सगळं घर बक्षीसपत्राने आपल्या नावावर करून घेतलं. मग आईलाच बाहेर काढलं. एका सकाळी सिद्धम्मा गाठोडं घेऊन माझ्या ओसरीवर बसलेल्या. माझ्या मनात आलं, बसू दे तशीच. तेवढ्यात त्यांनी मान खाली घालून विचारलं, "गुणा, तुझी वकिलीण माझं काम करंल का गं? का मालकिणीचं करत न्हाई?"

मी चहा टाकला. मग ऑटो करून त्यांना घेऊन गेले. मनस्विनीताईंनी म्हाताऱ्या आईबापांसाठीच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज लावला, बक्षीसपत्र रद्द झालं, घर परत सिद्धम्मांचं झालं. त्यांनी मुलाला पुढच्या घरात राहू दिलं. स्वतः मात्र माझ्याकडे राहायला आल्या, आणि या खोल्या रीतसर नोंदणी करून मला दिल्या.

२. म्हणून माझ्या पश्चात सिद्धम्मा हयात असेपर्यंत इथेच राहतील. त्यांना ऐकू येत नाही, टीव्ही फार मोठ्याने लावतात. त्या कारणावरूनही त्यांना कोणी उठवू नये.

३. त्यांच्यानंतर खोल्या सुकन्याच्या. विकाव्यात, भाड्याने द्याव्यात, तिची मर्जी. पण भाडेकरू ठेवला आणि भांडण झालं तर कोर्टात जावं, त्याचं पाणी तोडू नये. सुकन्या, मालकीण झालीस की तुलाही राग येईल. तेव्हा हे कलम वाच.

४. दाराशेजारच्या भिंतीवर फुकट वकिलाचा पत्ता रंगवून घेतला आहे. सुकन्या म्हणते, वाईट दिसतं. दिसू दे. रंग उडाला की परत काढावा.

५. शेवयांची मशीन नरसिंगच्या बायकोला द्यावी. पत्रे उतरत होते तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती, असं गल्लीने मला सांगितलं. तो राग गेलेला नाही. पण तिचा हात मशीनवर चांगला बसतो, आणि तिला स्वतःची अशी कमाई नाही.

६. बँकेतल्या शिलकीतून माझा अंत्यविधी करावा, उरेल ते सुकन्याने घ्यावं. तेराव्याला शेवयांची खीर करू नये. जन्मभर तेच केलं.

७. मनस्विनीताईंना काही ठेवलेलं नाही, त्या घेत नाहीत. एकदा शेवयांचं पुडकं नेलं, तर समोर बसलेल्या दुसऱ्या बाईला देऊन टाकलं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनी पाहावी, एवढं एक काम अजून मागते.

८. साक्षीदार म्हणून माझ्या डॉक्टरांबरोबर, डॉ. बिरादारांबरोबर, मी नरसिंगला बोलावलं आहे. मनस्विनीताईंना ते पटलं नाही. मला त्याच्याच हातची सही हवी होती, कारण उद्या सिद्धम्मांना उठवायला आला तर तोच येईल. काल इथवरचा सगळा मजकूर त्याला वाचून दाखवला. पत्र्यांचं आलं तेव्हा तो जमिनीकडे बघत होता. आईचं आलं तेव्हा उठून दारापर्यंत गेला. मला वाटलं, गेला. पण परत येऊन बसला आणि म्हणाला, "काकू, खरं हाय ते. सही कुठं करू?"

स्थळ : नांदेड
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार : गुणाबाई दिगंबर पांचाळ (सही)

साक्षीदार :
१. डॉ. राजशेखर बिरादार (सही)
२. नरसिंग, सिद्धम्माचा मुलगा (सही)