हाशमभाईंच्या बदल्यात

शुक्रवार, ७ डिसेंबर १९९०. सकाळी १०.४०. बुरैदा कॅम्प, सौदी अरेबिया
खोलीत बसून स्कोअरबुकातली वाळू झटकत आहे. उनैझा कॅम्पकडून पुन्हा हरलो. दहा ओव्हरची मॅच, आमचे ३८. त्यांपैकी ओपनर हाशमभाईंनी एकट्याने चार ओव्हर खाऊन ५ केले. कॅप्टन सिराजुद्दीनभाई म्हणाले, एका बाजूला खांब पाहिजेच. बाबाजी सुतार म्हणाले, खांब पाहिजे, पण त्याच्या हातात बॅट कशाला, नुसता पुरून ठेवला तरी चालेल. सगळ्यांत जास्त हाशमभाईच हसले.
मी आकडे वाचून दाखवले. पाच मॅच, हाशमभाई: चेंडू ९७, रन २६. सिराजभाई म्हणाले, बाला, तू स्कोअर लिव, टीम मी बघतो. माझे नाव समाधान, पण इथे सगळे बालाच म्हणतात. मला वाईट वाटले नाही. मी नववीपर्यंतच शिकलो, तरी टाइम ऑफिसात अडीचशे माणसांची हजेरी लावतो आणि एक नाव चुकत नाही. अशा माणसाकडून अकरा नावे निवडून घ्यायची नसतील, तर तोटा त्यांचा.
संकल्प: टीमचा विचार तटस्थपणे करणे.

मंगळवार, ११ डिसेंबर. जेवणानंतर
मेसमध्ये वाद. बाबाजींचे म्हणणे, बॅटिंग ठीक आहे, बॉलर नाही. सिराजभाईंचे म्हणणे, बॉलर आहेत, कॅच घेणारे नाहीत. मला कोणी विचारले नाही म्हणून मीच सांगितले, की सीझनच्या मध्यावर बाहेरून एक फास्ट बॉलर आणावा. बाबाजी म्हणाले, आण की, आपल्या मालकाने, कफीलने दुकान काढलंय काय बॉलरचं?
हसू देत. हफ्र अल बातिनहून पाइप घेऊन येणारा ट्रेलरचा ड्रायव्हर सांगतो, तिथल्या कॅम्पात इस्मत नावाचा राजापूरकडचा पाइप फिटर आहे. एका मॅचमध्ये सहा विकेट. मी त्याला पुन्हा विचारले. दोन्ही वेळा सहाच म्हणाला. म्हणजे माहिती पक्की. चहापाण्याला दहा रियाल दिले.

शनिवार, १५ डिसेंबर. ऑफिसात, साहेब नमाजला गेले असताना
नियम असा. एका कॅम्पातून दुसऱ्या कॅम्पात माणूस न्यायचा, तर बदल्यात त्याच कामाचा माणूस द्यावा लागतो. फिटरला फिटर. बदली तात्पुरती असेल तर दोघांची नावे जुन्याच हजेरीपटावर राहतात, फक्त माणसे हलतात.
आमच्याकडे फिटर तीन. सिराजभाई कॅप्टन आहेत. दुसरा केरळचा, तो विकेटकीपर आहे. राहता राहिले हाशमभाई. हे मी ठरवले नाही. यादीने ठरवले.
हफ्र कुवेतच्या सरहद्दीकडे आहे हे खरे. पण इराकला कुवेत सोडायची मुदत १५ जानेवारीपर्यंत आहे आणि तोपर्यंत मोठी माणसे काहीतरी तडजोड करतीलच. बाबाजी म्हणतात लढाई होणार. बाबाजी उनैझाला हरवणार असेही म्हणाले होते.

गुरुवार, २० डिसेंबर. दुपारी १२
साहेबांनी आठ कागदांवर सह्या केल्या. माझा खालून तिसरा. सही करताना विचारले, ही अदलाबदल कशाला? मी म्हणालो, गरज आहे. खोटे बोललो नाही.

शनिवार, २२ डिसेंबर
हाशमभाई सकाळी ट्रेलरने गेले. काल संध्याकाळी नेहमीप्रमाणे बायकोला पत्र लिहवून घ्यायला आले होते. त्यांना लिहिता येत नाही, म्हणजे शाळेत अक्षरे शिकले होते, पण सवय गेली असे म्हणतात. तीन वर्षे त्यांची सगळी पत्रे मीच लिहितो. ते बोलतात, मी लिहितो. म्हणाले, हफ्रचं ताजूला आत्ता कळवू नको, उगाच झोप जायची तिची. तिकडे पोचलो की कुणाकडून तरी लिहवून घेईन मीच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, फिटर तर तिकडेही आहेत, मलाच कसं बोलावलं कोण जाणे.
मी म्हणालो, ऑफिसचे काय सांगता येत नाही.
करवंदांच्या लोणच्याची बरणी माझ्याकडे ठेवून गेले. तू खा म्हणाले. मी हात लावणार नाही.

सोमवार, २४ डिसेंबर
इस्मत आला. सत्तावीस वर्षांचा, उंच, हात लांब. बॉलरचे हात. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, भाई, तुमच्या हातून अल्लाने मला तिथून काढलं. रोज रणगाड्यांची रांग जाते, जेवणाच्या ताटात धूळ. मी तर आशाच सोडली होती. मग त्याने माझ्या चपला उचलून खाटेखाली नीट लावल्या.
चपला मी पुन्हा बाहेर काढून ठेवल्या.
लोणचे उघडले. तसेच ठेवले तर बुरशी आली असती.

शुक्रवार, २८ डिसेंबर. मॅचनंतर
इस्मतच्या पहिल्या ओव्हरमध्ये सात वाइड. ओव्हर एकूण तेरा चेंडूंची झाली. सिराजभाई लांबून ओरडले, बाला, हा सहा विकेट काढतो का सहा वाइड, तेवढं ड्रायव्हरला पुन्हा विचार. इस्मत म्हणाला, थंडीने हात आखडला. ते बरोबर आहे, बुरैद्यात या दिवसांत सकाळी नळाचे पाणी हातात धरवत नाही. शेऱ्याच्या रकान्यात 'थंडी' असे लिहिले.
बॅटिंगमध्ये हाशमभाईंच्या जागी बाबाजी ओपनिंगला गेले. सगळे मिळून १९. बाबाजी म्हणाले, खांब हलवला तर छप्पर खाली येणारच. हेच बाबाजी. मी त्यांना त्यांचे ७ डिसेंबरचे वाक्य वाचून दाखवणार होतो, पण वही खोलीत होती.

गुरुवार, १० जानेवारी १९९१
हाशमभाईंच्या बायकोचे पत्र आले, बुरैद्याच्या पत्त्यावर. सवयीने फोडले. ताजुन्निसाभाभी लिहितात, रेडिओ ऐकून गावात बायका नवऱ्यांची नावे घेऊन रडत असतात. तुम्ही लढाईपासून किती लांब आहात तेवढे लिहा. मुलगी हफीजा नकाशा आणून दाखवते, पण त्यात बुरैदा सापडत नाही.
उद्याच हफ्रला पाठवतो.

शुक्रवार, ११ जानेवारी
विचार केला. हफ्रला जाणार, तिथून उत्तर निघणार, म्हणजे सव्वा महिना. तोपर्यंत भाभींनी काय करायचे? शिवाय हाशमभाईंनीच बजावले आहे, हफ्रचे कळवू नको. म्हणून त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या नावाने उत्तर लिहिले. "मी बुरैद्यात साडेतीन वर्षे आहे. सरहद्द इथून शेकडो किलोमीटर लांब आहे." दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे खरी आहेत. खजुरांच्या बाजाराचे वर्णनही केले. ते चांगले उतरले.

गुरुवार, १७ जानेवारी
लढाई सुरू झाली. मेसमध्ये रेडिओभोवती सगळे उभे. चपात्या जळल्या.
शुक्रवारची मॅच रद्द.
संकल्प: शनिवारी साहेबांना सगळे सांगून हाशमभाईंना परत मागवणे.

शनिवार, १९ जानेवारी
साहेब फार कामात होते.

मंगळवार, २२ जानेवारी
बाजारातल्या टेलिफोन केबिनमधून हफ्रचा कॅम्प पाचव्यांदा लावला. लागला. तिथला टाइमकीपर म्हणाला, हाशम ठीक आहे, पाइप टाकतोय, आणि लाइन कटली. ठीक आहे हे तीनदा लिहून ठेवतो. ठीक आहे. ठीक आहे. ठीक आहे.
इस्मतने माझा शर्ट इस्त्री करून ठेवला. त्याला स्पष्ट सांगितले, असे करू नकोस. तो म्हणाला, तुमच्यासाठी जीव दिला तरी कमीच. यापेक्षा त्याने एखादी विकेट घेतली असती तर बरे झाले असते.

शुक्रवार, २५ जानेवारी
भाभींना दुसरे पत्र. त्यांचे उत्तर यायच्या आधीच लिहिले, कारण लढाईची बातमी तिकडे पोचली असणार. तीन पाने झाली. काळजी वाटू नये म्हणून आनंदाची गोष्ट हवी, म्हणून हाशमभाईंनी मॅचमध्ये ४१ रन काढले आणि सिराजभाईंनी त्यांना खांद्यावर घेतले असे लिहिले. लिहिताना मला इतके बरे वाटले की दोन मिनिटे खरेच वाटत होते.

शनिवार, २ फेब्रुवारी
ऑफिसातून सर्क्युलर. हफ्रच्या हजेरीपटावरच्या प्रत्येक माणसाला १७ जानेवारीपासून रोज वीस रियाल जोखीम भत्ता.
हफ्रच्या हजेरीपटावर इस्मतचे नाव आहे. हाशमभाईंचे नाव बुरैद्याच्या पटावर आहे. नियम मीच वर लिहिला आहे.
इस्मतला याच्याशी काही देणेघेणे नाही. त्याला पैसे कशाचे आले ते कळले नाही. लढाईचा बोनस असेल म्हणाला आणि सगळे घरी पाठवले. माझ्यासाठी एक किलो खजूर आणले.
संकल्प: उद्या साहेबांना सांगणे. भत्त्याचे आणि बदलीचे एकदमच.

रविवार, ३ फेब्रुवारी
एकदम सांगितले तर त्यांना जास्त वाटेल. आधी भत्त्याचे, मग बदलीचे.

बुधवार, ६ फेब्रुवारी
किंवा आधी बदलीचे.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी
ट्रेलरचा ड्रायव्हर सांगतो, काल हफ्रवर मिसाइल पडले. कुठे पडले ते त्याला माहीत नाही. केबिनमध्ये नऊपासून जुम्म्याच्या नमाजापर्यंत बसलो. लाइन लागली नाही. जेवलो नाही. मेसमध्ये सिराजभाई माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, बाला, फिटर तीन होते. मला तर विचारायचंस, मी गेलो असतो.
मी म्हणालो, तुम्ही कॅप्टन आहात. ते म्हणाले, कसला कॅप्टन. टेनिसच्या बॉलचा.
परत खोलीत आलो तर इस्मत रडत होता. म्हणाला, भाई, एक पाप केलंय. सहा विकेट मी घेतल्याच नव्हत्या. तिथे कुणी खेळतच नाही. निघायला काही ना काही कारण लागतं, म्हणून ड्रायव्हरला वीस रियाल दिले, की बुरैद्यात असं सांग.
म्हणजे ड्रायव्हरला त्याने वीस दिले आणि मी दहा.
मी त्याच्यावर रागावू शकलो नाही. प्रयत्न केला.

रविवार, २४ फेब्रुवारी
आता जमिनीवरची लढाई. साहेबांच्या दारापर्यंत गेलो. दारावर टकटक केली. आतून 'यल्ला', म्हणजे चल ये, असे ऐकू आले. आत जाऊन विचारले, फेब्रुवारीचे हजेरीपट २८ ला द्यायचे की १ ला? साहेब म्हणाले, २८ ला.

गुरुवार, २८ फेब्रुवारी
लढाई खलास. मेसमध्ये शेवया. बाबाजींनी सगळ्यांना वाढल्या. माझ्या ताटात जास्त घातल्या. ते वाईट लक्षण आहे.

शनिवार, २ मार्च
फोन लागला. हाशमभाई जिवंत आहेत. मिसाइल कॅम्पपासून लांब पडले. बदली रद्द झाली, हफ्रकडूनच, त्यांना आता फिटर नकोत. मला काहीच करावे लागले नाही. साहेबांना सांगायची गरजही उरली नाही.
भत्त्याचे सांगायचे आहे.

मंगळवार, ५ मार्च
ताजुन्निसाभाभींचे पत्र. पाकिटावर माझे नाव. आत 'समाधानभाई' अशी सुरुवात.
लिहितात, २५ जानेवारी तारखेची दोन पत्रे आली. एक बुरैद्याचे, तीन पानी, तुमच्या सुंदर अक्षरात. दुसरे हफ्र नावाच्या गावाचे, पाच ओळींचे, अक्षरे गुरांनी तुडवल्यासारखी. ते त्यांनी स्वतः लिहिले आहे. लग्नाला अकरा वर्षे झाली, पहिलेच. त्यात ते लिहितात, आकाशात आवाज होतात, मी खड्ड्यात बसतो, बरा आहे, हफीजाला शाळा चुकवू देऊ नकोस. तुमच्या पत्रात ते ४१ रन काढतात. मला खेळ कळत नाही, पण माझे दीर हसले. म्हणाले, वहिनी, हे दुसऱ्याच माणसाचे पत्र आहे.
मग भाभींनी तीन वर्षांची सगळी पत्रे काढून वाचली. विचारतात, त्यांत त्यांचे किती आणि तुमचे किती, एवढेच कळवा.
सगळे त्यांचेच आहे. विरामचिन्हे माझी. पत्राच्या शेवटी 'तुझी आठवण येते' हे मी घालत असे, कारण त्याशिवाय पत्र अर्धवट दिसते. हाशमभाई कधी तसे बोलले नाहीत, पण वाचून दाखवताना त्यांनी कधी नको असेही म्हटले नाही. वाचून दाखवताना ती ओळ मी बहुतेक वेळा गाळत असे.
उत्तर सुरू केले. चार वेळा फाडले.

शनिवार, ९ मार्च. संध्याकाळी ५.१५
हाशमभाई आले. वाळले आहेत. दाढीत वाळू. सगळ्यांच्या गळ्यात पडले, माझ्याही. इस्मतलाही भेटले. त्याला म्हणाले, तुझी खाट चांगली होती, एक स्प्रिंग तेवढी टोचायची.
मग आम्ही दोघेच होतो. भत्त्याचे सांगितले. ते म्हणाले, हं. बदलीचे सांगायला तोंड उघडले, तर म्हणाले, सिराजने सांगितलं. तुला बॉलर हवा होता ना? मिळाला का?
मी म्हणालो, नाही.
म्हणाले, बरं.
मग म्हणाले, घरी पत्र लिहायचंय. मी वही काढली, तारीख घातली, पेन उघडून वाट पाहू लागलो. ते म्हणाले, नको, फक्त पेन दे.
दारातल्या खोक्यावर बसून लिहीत आहेत. ओठ हलतात. एका ओळीला बराच वेळ लागतो. मी या वहीत दुसऱ्या पेनने लिहीत आहे.

हिशेब, ९ मार्चपर्यंत
ड्रायव्हर, माहितीबद्दल: १० रियाल
टेनिस बॉल, एक डझन, नऊ शिल्लक: ३६
टेलिफोन केबिन: ३१
भारताची तिकिटे, दोन पत्रे: ३
एकूण खर्च: ८०
देणे: हाशमभाईंना जोखीम भत्ता, १७ जानेवारी ते २८ फेब्रुवारी, ४३ दिवस, रोज २०: ८६० रियाल. माझा पगार ९००. महिना दोनशेप्रमाणे चार हप्ते आणि पाचवा साठचा.
देणे: ताजुन्निसाभाभींना एक उत्तर.
येणे: काही नाही.