चार बोटे आखूड

मेसा, ॲरिझोना
१८ फेब्रुवारी २०१८

चि. ओफेलिया हीस थोरल्या भावाचे आशीर्वाद, वि. वि.

लिहून देणार : एलेउतेरियो ब्राकामोन्ते, वय वर्षे ब्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, येथील बेसबॉल सराव-मैदानावर एकोणतीस वर्षे माळी, सध्या निवृत्त, आपल्या घराण्याच्या कागदी बेसबॉल मंडळाचा संस्थापक सभासद. तू हसशील, परंतु कामाचे पत्र असेच सुरू करावे, असे माझे मत आहे.

वसंतातला सराव बुधवारी सुरू झाला. प्रथम पिचर मंडळी आली. मला सकाळी अजूनही फाटक उघडून देतात. पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू फेकतात त्यावर त्यांच्या पायांनी पडलेले खड्डे मी माती कुटून बुजवतो. नवा माळी म्हणतो, आजोबा, सावलीत बसा की जरा. मी बसत नाही.

आता मुद्दा. यंदाची निवडसभा शनिवार, १७ मार्च रोजी सकाळी दहा वाजता कासा ग्रांदे येथे, पुतण्या रामिरोच्या टायरच्या दुकानात भरेल. खेळाडू खरे, संघ आपले कागदावरचे, गुण त्या खेळाडूंच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवरून, खुर्च्या आठ, आणि नावे पाळीपाळीने उचलायची; यात बदल नाही. मात्र वर्षअखेर जो तळाला जाईल त्याने खुर्ची सोडावी, हा चौथा नियम मीच लिहिलेला आहे, आणि गेल्या वर्षी तू तळाला गेलीस. नियमाप्रमाणे तुझी खुर्ची रामिरोचा जावई गिल्बेर्तो याला जाते. ती तुझ्या आधी तुझ्या नवऱ्याची, त्रान्किलिनोची होती, आणि त्याने व मी मिळून हे मंडळ काढले, हे मी विसरलेलो नाही. तुला सूट मिळावी असा अर्ज मी रामिरोकडे करीन. संमती कळवावी.

गुडघा ठीक आहे. संत्र्याला बहर आला आहे. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

एलेउतेरियो

*

टूसॉन
२५ फेब्रुवारी

ती. दादास धाकट्या बहिणीचा नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र म्हणजे कोर्टाचं समन्स. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मला वाटलं, मी कुणाचा खून केलाय की काय. अरे, बहिणीला लिहितोस ना? वय कशाला सांगतोस, तुझ्या वाढदिवसाचा केक दर वर्षी मीच करते.

सूट नको. रामिरोचा परवा फोन आला होता. म्हणाला, आत्या, तुमच्या खुर्चीला मी नवी गादी लावली होती हो, आता गिल्बेर्तोचं बूड त्यावर बसणार. मी म्हटलं, बसू दे बापड्याला, बारीक आहे, टोचत असेल. हसले मी, पण तेवढ्यापुरतीच.

खरं सांगू? वही मी यंदाही भरली आहे. रेडिओ लावून तव्याजवळच बसते. परवा एका पोराची आकडेवारी उतरवताना टॉर्टिया जळून कोळसा झाली. हे गेल्यापासून त्या एका शनिवारी मी कुणाची तरी विधवा नसते, दादा. मी ‘कोंबडे’ संघाची मालकीण असते. शेजारी बसलेला माणूस माझी वही चोरून बघतो, मी कोपर आडवं घालते. एवढंच हवं असतं मला.

पण चूक माझीच. चिठ्ठ्यांत पहिला नंबर माझा निघालेला. पेस्केरासारखा फलंदाज समोर असताना मी तो पिचर लोरिमर उचलला, आणि एप्रिलमध्ये त्याच्या कोपराचं ऑपरेशन. मग घाबरून मी धडाधड अदलाबदली केल्या, सगळ्या उलट्या पडल्या. तू बिचारा लिहून मोकळा झाला होतास, लोरिमरचा हात लोण्यासारखा चालतोय म्हणून. हाताच्या आत काय चाललंय ते तुला कसं दिसणार? माझंच डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही. जो हरला त्याने उठावं, हे बरोबरच आहे.

वही तुला पाठवू का? वाया जाण्यापेक्षा तू वापर. चिल्तेपिनच्या मिरच्या वेगळ्या पाठवते, जपून खा. माया असू दे.

ओफेलिया

*

मेसा
४ मार्च

चि. ओफेलिया हीस आशीर्वाद.

वही पाठवू नये. कारण खाली देत आहे. पत्र शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

हाताच्या आत काय चालले आहे ते मला कसे दिसणार, असे तू लिहिलेस. मला दिसले होते.

गेल्या वर्षी ९ मार्चला सराव संपल्यावर मी उंचवट्यावर गेलो. पिचर चेंडू सोडताना पुढचा पाय जेथे आदळतो तेथे खड्डा पडतो. प्रत्येकाचा खड्डा ठरलेल्या जागी पडतो. लोरिमरची जागा मला सहा वर्षे पाठ होती. त्या दिवशी खड्डा चार बोटे मागे होता, म्हणजे पाऊल तेवढे आखूड पडत होते, आणि टाच बाहेर वळलेली होती. एकोणतीस वर्षांत असे पाऊल मी सहा जणांचे पाहिले. सहाही जण हाताचे दुखणे लपवत होते, आणि त्यांतला एकही तो हंगाम पुरा करू शकला नाही.

तुला लिहावयाचे पत्र तेव्हा टेबलावर अर्धे झाले होते. खड्ड्याची हकीकत मी त्यात लिहिली. मग तो कागद फाडून दुसऱ्या कागदावर सर्व मजकूर पुन्हा उतरवला, तेवढी हकीकत वगळून. लोण्यासारखा हात हे शब्द त्या दुसऱ्या कागदावरचे आहेत.

कारणही लिहितो. त्याच्या आदल्या वर्षी तू पहिली आलीस. बसायला लागून तुला तीनच वर्षे झाली होती. रामिरो सर्वांदेखत म्हणाला, काकांना गवत कळतं, खेळाडू मास्तरीणबाईंना कळतात. सगळे हसले. तूही हसलीस. मी नऊ वर्षांचा असताना कापूस वेचायला गेलो आणि तू शिकून मास्तरीण झालीस, याचा मला आजवर अभिमानच होता. त्या दिवशी तो नव्हता. पेस्केरा मला हवा होता; चिठ्ठ्या आधीच निघाल्या होत्या आणि माझा नंबर तुझ्यानंतर, दुसरा होता. तू लोरिमर घेतलास, मी पेस्केरा घेतला. वर्षअखेर मी दुसरा आलो.

तुझे डोके पूर्वीसारखेच चालते. तू माझ्या शब्दावर विसंबलीस, एवढेच झाले.

माझी खुर्ची तू घ्यावीस.

एलेउतेरियो

*

टूसॉन
९ मार्च

श्री. एलेउतेरियो ब्राकामोन्ते यांस,
न. वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं.

खेळाडूचं मला काही नाही. तसे खेळाडू दर वर्षी हातचे जातात. पण गेल्या ऑक्टोबरात मी डॉक्टरकडे गेले होते. कुणाला बोलले नाही. तुम्हालाही नाही. मला वाटत होतं, मला कमी समजायला लागलंय. त्या पोरवयाच्या डॉक्टरने मला कोऱ्या कागदावर घड्याळ काढायला लावलं, काटे दाखवून वेळ सांगायला लावली, पाच शब्द देऊन दहा मिनिटांनी परत विचारले. चाळीस वर्षं मी मुलांना घड्याळ शिकवलं. बाई, तुम्हाला काही झालेलं नाही, असं तो म्हणाला, तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. घरी येऊन यांच्या कबरीवर गेले आणि तुमची खुर्ची माझ्याने राखवली नाही, माफ करा, असं त्यांना सांगून आले.

ते सगळं तुम्हाला एका ओळीने थांबवता आलं असतं. मार्चमध्ये नाही लिहिलीत, ठीक. मे महिन्यात लिहायची होती. जूनमध्ये मी रडत फोन केला तेव्हा सांगायची होती. तुम्ही म्हणालात, नशीब एकेकाचं.

तुमची खुर्ची मला भेट म्हणून नको. मी हसले होते तेही सगळ्यांसमोर आणि हरले तेही सगळ्यांसमोर. जे मला लिहिलंत ते तिथे उभं राहून सांगा. मी वही घेऊन येईन. बसायला मिळालं तर बसेन.

ओफेलिया

*

मेसा
१७ मार्च, रात्र

चि. ओफेलिया हीस आशीर्वाद.

तू समक्ष होतीस, तरी जे झाले ते लेखी असावे, म्हणून लिहितो. ही एक प्रत तुला, एक मंडळाच्या दप्तरी.

सव्वादहा वाजता मी उभा राहिलो. तुला ४ मार्चला लिहिले ते शब्दशः वाचले. फोनवर नशीब म्हणालो होतो, तेही सांगितले. डॉक्टरची गोष्ट सांगितली नाही. ती तुझी आहे. रामिरोने मध्येच, काका, तुम्ही तर लबाड निघालात, असे हसत म्हणून पाहिले. कोणी हसले नाही, तेव्हा तो खाली बसला. गिल्बेर्तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, आत्याबाई, ही तुमचीच, मी उगाच गरम केली.

ठराव असा झाला : गेल्या वर्षीचा निकाल अग्राह्य, ओफेलियाची खुर्ची कायम, एलेउतेरियो यांची खुर्ची गिल्बेर्तोस. हा ठराव मीच मांडला. विरोधात कोणाचेही मत नव्हते. एखादे तरी असेल असे मला वाटले होते, हेही येथे खरे लिहितो.

त्यानंतर मी दारापाशी टायरांच्या थप्पीवर बसलो. तू तेवीस नावे उचललीस. गिल्बेर्तो वाकून वही पाहू लागला तेव्हा तू कोपर आडवे घातलेस. जेवणाच्या वेळी माझे ताट तू रामिरोच्या हाती पाठवलेस, भाजलेले मांस आणि सालसा माझ्या आवडीप्रमाणे वेगवेगळे वाढून. स्वतः आली नाहीस. निघताना गाडीची काच वर होती.

मी मैदानावर जातोच आहे. दर आठवड्याला जे दिसेल ते सर्व, काहीही न वगळता, तुला लिहून पाठवीन. उत्तराची अपेक्षा ठेवण्याचा मला अधिकार नाही. ठेवणार मात्र आहे.

मी निवेदन वाचले त्या वेळी हजर असलेले साक्षीदार, सभेतील कागदावरून उतरवून : रामिरो ब्राकामोन्ते, सही. गिल्बेर्तो ओचोआ, सही. मंडळाचे इतर पाच सभासद, सही. ओफेलिया ब्राकामोन्ते दे ताप्या, हजर. सही केली नाही. तिची ओळ कोरी ठेवावी, तेथे दुसऱ्या कोणी सही करू नये, असे मी रामिरोस सांगितले आहे.

एलेउतेरियो