घट्ट खटके

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची! निघताना नवऱ्याने ही वही हातात कोंबली. म्हणाला, तू फोनवर डिमर आणि स्क्रू यांच्या गप्पा सुरू केल्यास की मला झोप येते, त्यापेक्षा लिहून ठेव, आलीस की वाचीन. वाचणार नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. पण वही गुळगुळीत कागदाची निघाली, म्हणून पिशवीत टाकली.

घर मला फार आवडलं. बैठं आणि लांबलचक, मधोमध पॅसेज, दोन्ही अंगांना खोल्या. पॅसेजला एकही खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारीसुद्धा तिथे दिवा लागतो. एका टोकाला पुढचं दार, दुसऱ्या टोकाला अडगळीची खोली. मला पुढच्या दाराजवळची पाहुण्यांची खोली दिली आहे. तिला मोठी खिडकी आहे आणि गादी माझ्या घरच्या गादीपेक्षा बरी आहे.

घरात एकटे अप्पा राहतात. उभी हयात कारखान्यात फिटर होते, आता हात थरथरतात आणि काठी लागते. त्यांची बायको याच पॅसेजमध्ये अंधारात पडून गेली. काम दिलंय ते त्यांच्या मुलीने, ताईंनी. त्या दुसऱ्या शहरात असतात. आईसारखं अप्पांचं होऊ नये, एवढा एकच घोर त्यांना लागून राहिला आहे. जुने खटके काढायचे, भिंतींवर स्पर्शाने चालणाऱ्या काचेच्या पट्ट्या बसवायच्या, सगळे दिवे त्यांना जोडायचे. रविवारी संध्याकाळी ताई येणार. तोवर घर अप्पांसाठी सुरक्षित झालेलं असेल, असा मी त्यांना शब्द दिला आहे.

आणि ते खटके! काळे, जाडजूड, एखाद्या यंत्रावरून उपटून आणल्यासारखे. खाली ओढला की चालू, वर सारला की बंद. मी एक ओढून पाहिला तर अंगठा दुखायला लागला. ताईंना वाटतं की खटके असे घट्ट, म्हणूनच अप्पा घरातले दिवे रात्रंदिवस जळत ठेवतात. मलाही तसंच वाटलं.

अप्पांनी एकच प्रश्न विचारला. नवीन पट्टीला जोर किती लावावा लागतो? मी ऐटीत सांगितलं की जोर अजिबात नाही, पिसाने दाबलं तरी चालेल. त्यावर ते उठून खोलीत गेले. म्हातारी माणसं नव्या वस्तूंवर रुसतात, मला सवय आहे.

मंगळवार, ४ तारीख

दिवसभर काम झालं. खटके काढले, भिंतीतले डबे साफ केले, तारा ओढल्या, लेव्हल लावून पट्ट्या बसवल्या. एकही वाकडी नाही. माझ्या कंपनीच्या मालकांनी येऊन बघावं असं काम झालंय, पण ते कसले येतात.

पट्टी दिसायला देखणी आहे. झोपलेली असते तेव्हा नुसती काळी काच. हात जवळ नेला की जागी होते आणि अक्षरं उजळतात: स्वागत, वाचन, झोप, बंद. त्यातल्या ज्या शब्दावर बोट टेकवाल तसे दिवे होतात.

काढलेले खटके मी पोत्यात भरून भंगारवाल्यासाठी अंगणात ठेवले होते. अप्पांनी पोतं ओढत आत आणलं आणि आपल्या पलंगाखाली सरकवलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले की राहू दे, फार शोधून आणलेत मी ते. आता कारखान्याच्या खटक्यांवर कुणाचा जीव जडावा! पण जडतो.

डॉक्टरांनी त्यांना हातात दाबायला रबरी चेंडू दिलाय. दिवसभर दाबत असतात. मी म्हटलं, अप्पा, कुस्तीत उतरायचा विचार आहे की काय? तेव्हा पहिल्यांदा हसले. म्हणाले की सराव केला की कुणाच्याही बोटांत बळ येतं, वेळ मात्र द्यावा लागतो.

बुधवार, ५ तारीख

आज लॅपटॉप घेऊन पट्ट्यांना शिकवणी. कुठल्या बटणाने कुठला दिवा, किती मंद, किती सावकाश. अप्पांना दारादारांशी नेऊन बोट लावायला सांगितलं, आणि तिथे घोडं अडलं. बोटं कोरडी, त्यात थरथर. काचेला त्यांचं बोट कळेचना. चारदा टेकवलं तरी पट्टी ढिम्म. बिचारे ओशाळले.

मग मी सगळ्या पट्ट्यांची संवेदनशीलता वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला नेली. आता हातभर अंतरावरूनच त्या जाग्या होतात आणि बोट नुसतं जवळ आलं तरी दिवा लागतो. सहसा असं करत नाहीत, पण नियम माणसासाठी असतात. अप्पांचं बोट काचेजवळ गेलं आणि पॅसेज अलगद उजळला, तेव्हा मला फार बरं वाटलं. ताईंना लगेच फोन करून सांगितलं. त्या रडल्याच.

अप्पांनी बजावून सांगितलंय की अडगळीच्या खोलीतला दिवा कधीही बंद करायचा नाही. मी हो म्हटलं.

जेवायला जाताना पाहिलं तर त्या खोलीच्या दारालगतची पट्टी जागी होती. जवळ कुणी नव्हतं. नव्या पट्ट्या पहिले दोन दिवस असा चावटपणा करतात.

गुरुवार, ६ तारीख

हे नीट लिहून ठेवते.

दुपारी पॅसेजमध्ये स्टुलावर बसून लॅपटॉपवर काम करत होते. अप्पा आपल्या खोलीत घोरत होते, इथवर ऐकू येत होतं. सहज मान वर केली तर टोकाची पट्टी जागी झाली. मग ती विझली आणि तिच्या अलीकडची जागी झाली. मग तिच्या अलीकडची. कुणीतरी भिंतीच्या कडेने सावकाश चालत यावं तसं. माझ्या शेजारच्या पट्टीपर्यंत आलं आणि ती उजळली. स्वागत, वाचन, झोप, बंद. बराच वेळ तशीच राहिली.

मी हलले नाही. मग "बंद" हा शब्द लुकलुकला आणि माझ्या डोक्यावरचा दिवा गेला.

ओल, तारांमधली गडबड, संवेदनशीलता जास्त. कारणं शंभर देता येतात, मी गिऱ्हाइकांना रोज देते. उठून दिवा लावला, संवेदनशीलता उतरवून अगदी कमी केली. आता अप्पांच्या बोटांना पट्ट्या जुमानणार नाहीत, पण त्यांच्यासाठी काहीतरी दुसरं बघता येईल.

संध्याकाळी अडगळीच्या खोलीत अंधार होता. तो दिवा मी बंद केलेला नाही. अप्पांनी केलेला नाही.

शुक्रवार, ७ तारीख

अप्पांनी आज सांगितलं. अंगणात, उन्हात बसून. घरात बोलायला तयार नव्हते.

हे घर घेतलं तेव्हा इथे साधी बटणं होती, बोटाने सहज दाबली जाणारी. दिवे आपोआप जायचे. आधी अडगळीच्या खोलीत, मग पॅसेजमध्ये, रोज थोडे अलीकडे. एका दुपारी पॅसेज अंधारला तेव्हा त्यांची बायको तिथे होती. ती पडली नव्हती, असं ते म्हणाले. भिंतीला टेकवून, हात मांडीवर नीट ठेवून, कुणीतरी हळूच खाली बसवल्यासारखी बसली होती. डोळे उघडे. अंग गार. सगळ्यांना त्यांनी पडली म्हणून सांगितलं, कारण दुसरं काय सांगणार?

मग त्यांना एक गोष्ट सुचली, फिटरच्या डोक्यात यावी अशी. जे काही आहे त्याच्या हाताला जोर नाही. म्हणून कारखान्यातून सगळ्यांत घट्ट खटके आणून बसवले आणि सगळे दिवे चालू करून ठेवले. त्या दिवसापासून एकही दिवा आपोआप गेला नाही. लेकीला बोलले नाहीत, म्हाताऱ्याला चळ लागलाय असं तिला वाटलं असतं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्याच हातांनी मी हे सगळं काढून टाकलंय.

संवेदनशीलता अगदी कमी आहे. अंगठा टेकवून दाबलं तरच बटण चालतं, मी स्वतः तपासलंय. तरीही दुपारी पॅसेजचे दोन दिवे गेले.

शनिवार, ८ तारीख

सकाळी अप्पा बाथरूमला निघाले. मी दहा पावलांवर होते, लॅपटॉप उचलायला वळले तेवढीच. सगळा पॅसेज एकदम काळा झाला. काठी पडल्याचा आवाज नाही. माणूस पडल्याचा आवाज नाही. मी चाचपडत पट्टी शोधली आणि दिवा लावला.

अप्पा भिंतीला टेकून बसले होते. हात मांडीवर. काठी शेजारी, सरळ ठेवलेली.

श्वास चालू होता. हात बर्फ. मी त्यांना अक्षरशः उचलून खोलीत आणलं, खिडकी सताड उघडली, हात चोळत राहिले. अंगात थोडी ऊब आली तेव्हा अप्पा बोलले. म्हणाले की कुणीतरी खांद्यावर दोन्ही हात ठेवून हळूच बसवलं. उठू दिलं नाही. फार प्रेमाने बसवलं, असं म्हणाले. मला तेच सगळ्यांत भयंकर वाटलं.

मी म्हटलं, चला, आत्ता निघू, माझ्या गाडीतून. ते म्हणाले, उद्या लेक येईल, तिच्याकडे किल्ली आहे, ती अंधारात सरळ आत शिरेल. ताईंना फोन केला. अप्पांनी मध्येच फोन घेतला आणि नुसतं येऊ नकोस, येऊ नकोस म्हणत राहिले. ताईंना वाटलं आजारी आहेत. उलट उद्या येतेच म्हणाल्या.

खटके परत बसवायचे. दुसरा उपाय नाही. त्यासाठी मेन स्विच बंद करावा लागेल. म्हणजे पूर्ण घर, दिवसभर. अप्पांना अंगणात बसवीन.

आज आम्ही दोघंही अंगणात, गाडीत झोपणार.

रविवार, ९ तारीख, सकाळी

सुरू करते. मेन बंद केला. कपाळाला टॉर्च.

अडगळीच्या खोलीची पट्टी काढली. काचेला तडा आहे. "बंद"वर. आत खचलीय. बसवली तेव्हा धड होती.

पॅसेजमधली पहिलीही तशीच. दुसरीही. माझ्याकडून ड्रिल लागलं असेल—

नाही लागलं.

दुपारी

निम्मे झाले. टॉर्च मंदावली म्हणून मोबाइलचा उजेड वापरला, त्याचंही चार्जिंग संपत आलंय. पाठीमागे बघत नाही. एकदा खांद्यावर काहीतरी— कोट होता, खुंटीवरचा. कोटच होता.

अप्पा अंगणातून दर थोड्या वेळाने हाक मारतात. मी ओ देते. एकदा त्यांनी हाक मारली नव्हती तरी मी ओ दिली.

दिवेलागणीला

झालं! सगळे खटके जागेवर. मेन टाकला आणि एकेक खटका खाली ओढला. अंगठा सुजलाय. घर उजळलं तेव्हा मी मोठ्याने रडले, लाज वाटली नाही.

बाहेर गारठा पडला, म्हणून अप्पांना त्यांच्या खोलीत आणलं. पलंगावर बसलेत, हातात चेंडू. मी दारालगतच्या टेबलाशी. खिडकीला गज आहेत, आज पहिल्यांदा लक्षात आलं. ताई वाटेत आहेत. तेवढं बोलून मोबाइल मेला. टॉर्च पॅसेजमध्ये, पेटीत राहिली. आणू नंतर.

अप्पांनी आत्ताच विचारलं, बुधवारी नुसतं जवळ आलं तरी पुरत होतं ना? मी हो म्हटलं. शुक्रवारी अंगठ्याने दाबावं लागत होतं? हो. आणि काचेला तडा कधी गेला?

चेंडू दाबायचे थांबलेत.

सराव— मी त्यांना सराव करायला दिला. पाच दिवस. त्यांना म्हणजे अप्पांना नव्हे—

खट्.

अडगळीच्या खोलीकडून. लाकूड असेल, गारठ्याने वाजतं.

खट्.

हे लाकूड नाही. दाराखालून येणारा उजेड कमी झाला.

खट्. खट्.

दाराखाली आता काहीच नाही.

या खोलीचा खटका दाराच्या आत, माझ्या हाताशी. डाव्या अंगठ्याने खाली दाबून धरलाय. सगळा जोर लावून. अप्पा हाका मारतायत, लेकीला, आत येऊ नकोस म्हणून, बाहेर गाडी थांबल्यासारखं— ताई, ही वही मिळाली तर घरात पाय ठेवू नका, मी तुम्हाला शब्द दिला होता, मी

दार बंदच आहे. कडी लावलेली आहे. दिसतेय मला.

तरी माझ्या अंगठ्याखाली खटका वर ये—