बाबांच्या अक्षराची फाईल

२ डिसेंबर
सुरतेहून दिनेशदादाचं पत्र आलं, ईमेलने. दुकानात छापलं, न वाचताच घडी घातली. गिऱ्हाइकाचा मजकूर वाचायचा नाही ही आमची डीटीपीवाल्यांची शिस्त. बाबांचीही तीच — ज्याचं पत्र त्यानेच वाचायचं! बाबा म्हणाले, "ठी दे, मंग वाचसू." ठेवून दिलं. दादा बाबांशी भांडून गेला त्याला तीन वर्षं झाली. दर महिन्याला पत्र, उत्तर एकालाही नाही. फोनवर मला विचारतो, बाबा काही म्हणाले? काय सांगू! किती तो बाबांचा राग!

१५ डिसेंबर
बाबांना घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला गेले. घोडे बघून स्वारी खूश. मी केलेला फ्लेक्स त्यांनी घडाघडा वाचला. खालची बारीक ओळ विचारली, तर म्हणाले, "तूच वाच ना वं." डोळे बारीक करून बघत होते. मी मेली आंधळी! राग कुठला — माणसाला दिसतच नाही, अन् सांगायची लाज!

१६ डिसेंबर
बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपायची. मोठं, ठळक अक्षर वाचता येईल म्हणे. घरी येऊन बाबा रडले. मीही.

१८ डिसेंबर
दर पत्राचं अक्षर हाताने किती वेळा मोठं करणार? वेगळी फाईलच केली. तिच्यात मजकूर नाही, नुसत्या कंसातल्या खुणा — अक्षर अठ्ठावीस, ठळक, ओळींत दुप्पट जागा. नाव ठेवलं 'बाबा'. कुठल्याही पत्राला जोडा, मजकूर तोच, रूप बाबांना दिसेल असं! दादालाही पाठवली. लगेच त्याचा फोन आला. म्हणाला, "म्हणजे बाबांनी एकही वाचलं नाही?" मग पुन्हा तेच विचारलं. का, ते सांगेना.

१९ डिसेंबर
जुन्या छत्तीस पत्रांना तीच एक फाईल जोडली. सगळी एकदम मोठी झाली! कागद संपवला म्हणून दुकानाचे मालक धर्मचंदशेठ ओरडले. कारण सांगितलं, तर स्वतःच नवा गठ्ठा फोडून दिला. संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले, पहिल्या पत्रावर बोट ठेवून. मी चहा दोनदा गरम केला.

२० डिसेंबर
बाबांनी तिसरं पत्र माझ्या हातात दिलं. "वाच." आयुष्यात पहिल्यांदा!
'बाबा, घरी येऊ का? नको असेल तर उत्तर देऊ नका. मी समजून घेईन.'
त्यानंतरही तेहतीस पत्रं लिहिली वेड्याने.
बाबांनी पत्र परत घेऊन नीट घडी घातली. मग म्हणाले, "लिख चेतना. मोठला अक्षरमा लिख — घर ये."