वासरू कुंपणाशी कसं न्यायचं

प्रिय बाबा,

तुम्हा दोघांना खूप प्रेम, आणि आपल्या बस्टर कुत्र्याच्या कानामागे माझ्याकडून खाजवा.

खेळताना हनुवटीला तीनच टाके पडलेत, दात सगळे जागेवर आहेत, हे आईला आधी सांगा. मी जिच्या घरी राहते ती डोरीनकाकू जेवायला भरपूर घालते.

बर्फावरच्या हॉकीत मात्र पहिले दोन आठवडे बाकावरच बसले. सरावात समोरच्या मुलीच्या काठीशी चकती दिसली की मी बर्फावरून सरळ तिच्या अंगावर जायचे, आणि ती मला चकवून पसार. कोच ओरडायचे, "लॅरिसा, बैलासारखी काय धावतेस? तिरकी जा, तिला कडेच्या फळीकडे रेट!"

काल डोक्यात प्रकाश पडला. अहो, हे तर आपलं वासरू वळवणं! तुम्ही तिरके चालत त्याला कुंपणाशी न्यायचात, आणि फाटकाशी मी वाट अडवून उभी असायचे. काल मी तशीच गेले. समोरची मुलगी फळीशी अडकली, मागून आमच्या ब्रियानाने चकती काढली आणि थेट गोल!

कोच म्हणाले, "पहिली कितीही चांगली असू दे, मागे दुसरी नसेल तर सगळं फुकट."

बाबा, गुडघा कसा आहे? फाटकाशी आता कोण उभं राहतं?

तुमचीच,
लॅरिसा