तुह्या तोंडचं वाक्य

मुंबई

तीर्थरूप आईले अर्पिताचा वाकून नमस्कार.

मी मजेत हाव. डबा चांगला भेटते, खोकलाही गेला. तुहे गुडघे कसे हायेत? मारेगावात कपाशी फुटली का?

ज्यांच्या सिनेमाचं लिहाचं काम मले भेटलं, त्या सरांनी मले पटकथेचं पुस्तक देलं होतं. त्यात होतं, घरची माणसं बोलतात तसंच लिहा. मी बाबा गेले तो दिवस लिहला. तुहंच वाक्य टाकलं: "कायले रडतं व, दोन घास खाय पयले."

काल शूटिंग झालं. सिनेमातली आई छापील मराठी बोलली. तुहं वाक्य हसवायसाठी ठेवलेल्या गड्याच्या तोंडी सरांनीच देलं. सारे पोट धरून हासले.

मंग सरांनी माह्याकडं पाह्यलं. आई, मीबी हासली.

तुहीच,
अर्पिता